विश्लेषण : घोड्याच्या तोंडात लोखंड हवेच का?

मुंबईच्या रस्त्यांवर एकेकाळी घोडे सर्वत्र दिसत. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, तर १८८६ मध्ये परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. व्हिक्टोरिया गाड्या २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. तरीही लग्नाची घोडी आहे, महालक्ष्मीची शर्यत आहे आणि तिथेच घोडेस्वारी शिकणारेही आहेत. या बहुतेक घोड्यांच्या तोंडात लगामाची लोखंडी दांडी, म्हणजे ‘बिट’, असते. ते काढून टाकता येईल का, हा प्रश्न आता जगभर विचारला जातो.

बिट नेमके काय करते?

घोड्याच्या पुढच्या दातांमागे आणि दाढांच्या आधी मोकळी जागा असते. बिट तिथे, जिभेवर टेकते. या जागी हाडावर केवळ हिरडीचे पातळ आवरण असते, त्यामुळे लगामाचा हलका ताणही घोड्याला कळतो. साध्या, मध्ये सांधा असलेल्या बिटमध्ये हाताचा ताण जवळपास तेवढाच पोहोचतो. बाजूला लांब दांड्या असलेले बिट मात्र तरफेसारखे काम करते आणि ताण वाढवते. शिकाऊ स्वार तोल सावरायला लगामालाच लोंबकळतो. त्याची किंमत घोड्याचे तोंड मोजते.

बिटविना घोडा वळतो कसा?

बैलाच्या म्होरकीसारखा पट्टा नाकाडावर बसतो आणि लगाम त्यालाच जोडतात. डावा लगाम ओढला की डोके डावीकडे वळते. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचे पशुवैद्यक रॉबर्ट कुक यांनी प्रसारात आणलेल्या प्रकारात पट्टे हनुवटीखाली एकमेकांना छेद देतात आणि दाब डोक्याभोवती विभागला जातो. ‘हॅकमोर’चा यांत्रिक प्रकार वेगळा. त्यात पुन्हा तरफ आहे. नाकाचे हाड खाली निमुळते होत जाते. पट्टा फार खाली बसवून जोरात ओढला, तर तिथेही इजा होते. ‘बिट नाही म्हणजे वेदना नाही’ हे समीकरण म्हणूनच फसवे आहे.

घोडा उधळला तर?

बिटच्या बाजूने हाच युक्तिवाद सर्वाधिक होतो. पण चारशे-पाचशे किलोचे जनावर मनगटाच्या जोरावर थांबत नाही. दाब आला की थांबायचे आणि थांबताच दाब सैल होतो, हे शिकवलेले असते म्हणून ते थांबते. घाबरलेला घोडा तोंड दुखत असतानाही पळतो. अर्थात, वर्षानुवर्षे बिटवर चाललेल्या घोड्याला नवा लगाम चढवून थेट रस्त्यावर नेणे धोक्याचेच. आधी बंदिस्त रिंगणात सराव हवा. दोन्ही पद्धतींची तुलना करणारे अभ्यास मोजक्या घोड्यांवर झाले आहेत, त्यामुळे कोणत्याही बाजूने ठाम दावा करणे घाईचे ठरेल.

नियम काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ अडथळ्यांच्या उड्यांमध्ये बिटविना लगाम चालवून घेतो, ‘ड्रेसाज’मध्ये मात्र बिट सक्तीचे आहे. एकाच खेळातील हा दुजाभाव सुरक्षेच्या कारणाने समजावणे कठीण आहे. कारण उधळण्याचा धोका उड्यांमध्येच अधिक.

भारतातील तातडीचा प्रश्न याहून प्राथमिक आहे. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांवरील क्रूरता रोखण्यासाठीच्या १९६५ च्या नियमांतील आठवा नियम काटेरी बिटला स्पष्ट मनाई करतो. त्यात गाडीबरोबरच स्वारीचाही उल्लेख आहे, म्हणजे वरातीची घोडीही आली. तरी अशी बिट वापरली जातात आणि पेटा इंडियासारख्या संस्थांना त्याविरुद्ध मोहिमा काढाव्या लागतात. वरातीसाठी घोडी ठरवताना पाठीवरची झूल सगळे पाहतात. ओठांच्या कोपऱ्यांत जखम, रक्त किंवा टोकदार लोखंड दिसते का, हेही पाहावे आणि दिसल्यास ती घोडी नाकारावी. बिनकाट्यांचे साधे बिट किंवा नीट बसलेली म्होरकी वापरणारा मालक शोधायचा तर तो वरातीच्या दिवशी नव्हे, सुपारी देण्याआधीच.