छोट्या संगणकाचा राखणदार : वॉचडॉग टायमर चालत नसेल तर काय तपासावं?



कड्यातल्या आमच्या शाळेत मुलांनी रास्पबेरी पायला पर्जन्यमापक जोडला आहे. आपला आष्टी तालुका म्हणजे पावसाची वाट बघणारा भाग, त्यामुळे मिलिमीटरचीही नोंद मुलांना मोलाची. पण एका शनिवारी संगणक हँग झाला. रविवारी पाऊस पडला आणि सोमवारी बघतो तर वही कोरी! मुलांचे चेहरे उतरले. तेव्हा वॉचडॉग टायमरच्या मागे लागलो. जे समजलं ते सांगतो.

वॉचडॉग म्हणजे काय?

23 सप्टेंबर 2022 ला अहमदनगर–आष्टी गाडी सुरू झाली आणि कड्याला रेल्वे आली. रेल्वे इंजिनात एक दक्षता यंत्र असतं. चालकाने साधारण मिनिटभर काहीच केलं नाही, तर आधी दिवा लागतो, मग आवाज होतो, आणि तरीही प्रतिसाद नसेल तर ब्रेक आपोआप लागतात.

वॉचडॉगचंही तसंच. चिपमध्ये उलटं मोजणारं एक घड्याळ असतं. एका प्रोग्रामने त्याला ठरावीक वेळात 'मी आहे' अशी हजेरी द्यायची. हजेरी चुकली की घड्याळ शून्यावर येतं आणि संगणक नव्याने सुरू होतो. घड्याळ आणि प्रोग्राम यांच्यामधला निरोप्या म्हणजे ड्रायव्हर.

तपासणी क्रमाने करा

1. ड्रायव्हर आहे का? 'डेव्ह' फोल्डरमध्ये 'वॉचडॉग' नावाची फाईल दिसली पाहिजे. नसेल तर ड्रायव्हर लोड झालेला नाही. संगणक सुरू होतानाच्या नोंदी बघा, त्यात 'बीसीएम 2835' वॉचडॉगची ओळ शोधा.

2. 'बिझी' असा संदेश येतो? ही फाईल एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. आमच्याकडे सिस्टमडी आणि वेगळा वॉचडॉग प्रोग्राम, दोघंही हजेरी द्यायला धावत होते. एकच ठेवा.

3. वेळ जास्त दिलीय का? हा काउंटर 20 बिटचा आहे, म्हणजे 10,48,576 टिचक्या. सेकंदाला 65,536 टिचक्या. भागाकार करा, 16 सेकंद येतात! ड्रायव्हर 15 पूर्ण सेकंद धरतो. आम्ही 60 लिहिले होते, ते जमेना. 10 लिहिले, चाललं. (हा भागाकार वर्गात जरूर करून घ्या.)

4. प्रोग्राम बंद केला की संगणकच रीस्टार्ट होतो? तो बिघाड नाही. हजेरी देणारा प्रोग्राम निरोप न घेता मेला, तर राखणदाराला वाटतं घरात काहीतरी घडलंय. घड्याळ थांबवायचं असेल तर फाईल बंद करण्याआधी मोठ्या लिपीतलं 'व्ही' अक्षर लिहावं लागतं.

खरी चूक कुठे होती?

हे सगळं करूनही पुन्हा दोन दिवसांची नोंद गेली. संगणक तर चालू होता! हजेरी सिस्टमडी देत होतं आणि अडकला होता आमचा पावसाचा प्रोग्राम. म्हणजे हजेरी घेणाऱ्याने शाळेचं दार उघडं बघितलं, वर्गात कोणी आहे का ते बघितलंच नाही. मग पावसाच्या प्रोग्रामलाही स्वतःची हजेरी लावली. नोंद खरोखर लिहून झाली तरच त्याने सिस्टमडीला कळवायचं, नाहीतर सिस्टमडी त्याला मारून पुन्हा सुरू करतं. सेटिंगमध्ये 'रीस्टार्ट'ची ओळ लिहायला विसरू नका, नाहीतर तो मरतो आणि मेलेलाच राहतो.

आणि मूळ आजार? मोबाईलचा जुना चार्जर. व्होल्टेज साधारण 4.63 च्या खाली गेलं की स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं. आम्ही ते रोज बघत होतो आणि दुर्लक्ष करत होतो. चांगला अडॅप्टर लावल्यावर हँग होणं जवळजवळ थांबलं. राखणदार संगणक उठवतो, आजार बरा करत नाही. आणि लाईटच गेली तर तोही झोपतो, हे लक्षात ठेवा.

वर्गात करून बघा

एका मुलाने 15 पासून उलटं मोजायचं. दुसऱ्याने फळ्यावर एक गणित सोडवलं की 'आहे!' म्हणायचं, मोजणी पुन्हा 15 पासून. नंतर त्याला गणित न सोडवताच 'आहे!' म्हणू द्या. आमची चूक कुठे झाली, ते मुलं तुम्हालाच सांगतील.