शनिवारी घाणा बंद!

जालन्यात स्टीलच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून ऐकताय ना? मग ही कोकणातली गोष्ट तुमच्यासाठीच.

रायगडकडचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, घाण्यावर तेल गाळायचे. शनिवारी मात्र घाणा बंद. एका दिवसाची कमाई गेली तरी चालेल! म्हणून गावाने नावच पाडलं, 'शनिवार तेली'.

हिब्रूत 'अवोदा' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत: काम आणि उपासना. म्हणजे राबणंही देवाचं, थांबणंही देवाचं.

आणि आनंद झाला, नवस फिटला, की मलिदा करायचा: गोड पोहे, खोबरं, फळं आणि एलियाहू हानाबीचं स्मरण. कृतज्ञता नुसती मनात ठेवायची नाही, सगळ्यांना वाटायची.

तुमचा घाणा कधी थांबतो?