परतफेड कशातून करणार?

बँकेत असताना कर्ज मागायला आलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न हमखास विचारायचो, 'परतफेड कशातून करणार?' निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात हा प्रश्न माझ्यावर उलटला.

१९८८ साली कर्ज काढून सोलापुरात घर बांधलं. मी बदल्यांच्या गावी, घरात सौ. आणि मुलं. कायमचा परतलो तेव्हा कळलं, मे महिन्यात रात्री अकरालाही भिंती गरमच असतात.

"एसी घेऊ या," मी म्हणालो.

"अहो, तीस वर्षं काढलीच की याच स्लॅबखाली!" सूर तक्रारीचा नव्हता. म्हणूनच जास्त लागला.

मग वही-पेन्सिल घेऊन बसलो. आजोळचं घर धाब्याचं होतं. छपरावर मातीचा जाड थर, त्यामुळे दुपारीही आत गारवा. आमच्या स्लॅबचा व्यवहार उलटा. दिवसभर उन्हाची ठेव घ्यायची आणि रात्री ती आमच्या अंगावर परत करायची! म्हणजे मुळात ठेवच कमी घ्यायला हवी. गच्चीच्या भेगा बुजवून चुन्याचे दोन पांढरे हात दिले. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दर फाल्गुनात पुन्हा देतो. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून बांबूच्या चिका लावल्या. काच तापल्यावर आतला पडदा ओढून काय उपयोग?

मग पंखे. जुना पंखा साधारण ७५ वॉट वीज खातो, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालले, तर महिन्याला ६५ युनिटं वाचतात. जुन्या डबा-रेग्युलेटरवर पंखा हळू केला, तरी बरीच वीज त्या डब्यातच उष्णता होऊन वाया जाते. हात लावून पाहा. शिवाय वापर वाढेल तसा युनिटचा दरही चढत जातो. म्हणजे वाचतात ती सगळ्यांत महागडी युनिटं.

घराचं काही महाबळेश्वर झालं नाही. पण बाराला लागणारी झोप आता दहाला लागते, आणि एसीचा विषय मागे पडला.

चुना आणि चिका यांचा खर्च १९८८ सालीही सहज परवडला असता. सौ.च्या त्या तीस उन्हाळ्यांची परतफेड कशातून करायची, याचं उत्तर मात्र या कर्जदाराला अजून सापडलेलं नाही.