बंद कपॅसिटरमधली जिवंत वीज

कारखान्याच्या वीजबिलातला पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी बसवलेले कपॅसिटर मुख्य स्विच पाडल्यावरही 'मेलेले' नसतात. 440 व्होल्टच्या लाइनवरचा कपॅसिटर पुरवठ्यापासून तोडताना आत 622 व्होल्टपर्यंत दाब अडकू शकतो. तो उतरवायला डिस्चार्ज रेझिस्टर असतो; आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्याने 3 मिनिटांत दाब 75 व्होल्टपर्यंत आणायचा असतो. पण रेझिस्टरच जळालेला असेल तर? म्हणून नुसत्या घड्याळावर विसंबू नये. स्विचला कुलूप लावावे, किमान 5 मिनिटे थांबावे, मग मीटरने टर्मिनलांच्या प्रत्येक जोडीतला आणि अर्थिंगकडचा दाब तपासावा. उरलेला चार्ज योग्य रेझिस्टर लावलेल्या इन्सुलेटेड दांड्यानेच उतरवावा. पेचकसाने शॉर्ट करण्याची सवय मला भयंकर वाटते. ठिणगीने डोळा जाऊ शकतो.

फुगलेला डबा, गळणारे तेल, काळवंडलेले टर्मिनल दिसले की तो कपॅसिटर बदलावाच. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्याची परीक्षा चालू असताना क्लॅम्प मीटरने होते: 440 व्होल्टला 10 केव्हीएआरचा कपॅसिटर दर फेजला सुमारे 13 अँपिअर घेतो. आकडा बराच कमी असेल, तर आतली क्षमता झिजली आहे. जास्त असेल तर हार्मोनिक्सचा संशय घ्यावा.