दहा यार्डांची लढाई : अमेरिकन फुटबॉल परक्या प्रेक्षकाला का धरून ठेवतो?

बेळगाव : अमेरिकेत फेब्रुवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी साडेसहाला 'सुपर बोल'चा अंतिम सामना सुरू होतो, तेव्हा आपल्याकडं सोमवारचे पहाटेचे पाच वाजलेले असतात. तरीही तो बघणारे सीमाभागात आहेत. कुणाचा मुलगा पुण्या-बंगळुरात अमेरिकन कंपनीचं काम करतो, कुणाची बहीण न्यू जर्सीत आहे. त्यांच्या नादानं घरच्या टीव्हीवर हा खेळ लागतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : याला फुटबॉल कशाला म्हणायचं? चेंडू तर हातात आहे, आणि खेळ सारखा थांबतोय!

पण ज्यांनी दोन-तीन सामने नीट बघितले, ते सहसा परत बघतात. असं का होतं, ते समजून घेऊ.

आधी हिशोब समजून घ्या

मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा पट्टा. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. चेंडू ज्या संघाकडं आहे त्याला चार प्रयत्नांत १० यार्ड, म्हणजे ३० फूट पुढं सरकायचं असतं. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे तिच्या निम्म्याहूनही कमी अंतर. या प्रयत्नाला 'डाउन' म्हणतात. दहा यार्ड मिळाले की पुन्हा नवे चार प्रयत्न. नाही मिळाले की चेंडू समोरच्याचा.

चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की 'टचडाउन', त्याचे ६ गुण. लांबून लाथ मारून खांबांमधून घातला तर ३. टीव्हीवर मैदानावर पिवळी रेघ दिसते, तिथवर पोहोचायचं असतं. नवख्यानं फक्त त्या रेघेकडं लक्ष ठेवलं तरी अर्धा खेळ कळतो.

कबड्डी बघणाऱ्याला हे अवघड नाही. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'ची होते. इथं तसाच चौथा डाउन. धोका पत्करून पुढं जायचं, की लाथ मारून चेंडू लांब ढकलायचा आणि बचावाला लागायचं? प्रशिक्षकाकडं विचार करायला काही सेकंदच असतात. सीमेवर राहणाऱ्या माणसाला फूटभर जागेसाठीची ओढाताण वेगळी समजावून सांगायला नको!

थांबण्यातच गंमत आहे

खेळ कागदावर ६० मिनिटांचा, पण संपायला तीन तासांहून जास्त लागतात. २०१० मध्ये एका अमेरिकन दैनिकानं घड्याळ लावून मोजलं, तर चेंडू प्रत्यक्ष खेळात होता सरासरी ११ मिनिटं. बाकी वेळ मांडणी, इशारे आणि जाहिराती.

सॉकरच्या चाहत्याला हे खटकतं. क्रिकेटवाल्याला तेवढं खटकत नाही. दोन चेंडूंच्या मधे क्षेत्ररचना बदलते, कर्णधार गोलंदाजाच्या कानात काहीतरी सांगतो, आणि आपण घरी बसून 'आता यॉर्कर टाकणार' म्हणतो. इथंही तेच. दोन डाउनच्या मधे प्रेक्षकाला अंदाज बांधायला वेळ मिळतो. 'क्वार्टरबॅक' चेंडू फेकणार, की दुसऱ्याच्या हातात देऊन पळवणार? अंदाज बरोबर आला की माणूस खुर्चीत पुढं सरकतो.

गावचा संघ, गावचे भागधारक

पैशाची बाजूही बघण्यासारखी आहे. या लीगमध्ये ३२ संघ आहेत. राष्ट्रीय टीव्हीचं उत्पन्न सगळ्यांत समान वाटलं जातं, पगारावर कमाल मर्यादा असते, आणि नवे खेळाडू निवडताना सगळ्यात तळाच्या संघाला पहिला मान मिळतो. त्यामुळं लहान गावचा संघही टिकतो आणि निकाल आधीच ठरल्यासारखा वाटत नाही.

ग्रीन बे हे त्याचं उदाहरण. लोकवस्ती लाखाच्या थोडी वर, म्हणजे निपाणीपेक्षा मोठं आणि बेळगावपेक्षा बरंच लहान. तिथला 'पॅकर्स' संघ १९१९ मध्ये सुरू झाला आणि १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. आज पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. २०२१ मध्ये एक शेअर ३०० डॉलरला विकला गेला. लाभांश नाही, नफ्यानं विकता येत नाही, तरीही लोक घेतात. साखर कारखान्याचा सभासद निदान साखरेची तरी अपेक्षा ठेवतो. इथं फक्त 'संघ आपला' एवढंच पदरात पडतं.

मग पुण्यात काय झालं?

हा खेळ आपल्याकडं आणायचा प्रयत्न झाला होता. २०११ मध्ये 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया'ची घोषणा झाली. भारतीय वडिलांचा मुलगा आणि ग्रीन बेकडून खेळलेला ब्रँडन चिलर तिच्यामागं होता. २०१२ च्या पहिल्या हंगामात 'पुणे मराठाज' विजेते ठरले. नाव मराठा, विजेतेपद पुण्याचं, तरी पुण्यात किती जणांना ते आठवतं? सामने मोजक्या ठिकाणी झाले आणि चित्रित करून टीव्हीवर दाखवले गेले. संघामागं ना पेठ होती, ना शाळा, ना तालीम. काही वर्षांत लीगचं नावही मागं पडलं.

निपाणीहून तासाभरावरच्या कोल्हापुरात उलटं घडलं. फुटबॉल तिथंही बाहेरूनच आला. पण पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींनी तो आपला केला. शाहू स्टेडियम भरतं ते खेळासाठी आणि पेठेसाठीही. ग्रीन बे आणि कोल्हापूर यांच्यात समुद्र आडवा असला, तरी कारण एकच आहे.

ऑलिम्पिक आणि आपली पोरं

ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिम्पिक समितीची बैठक मुंबईत झाली. लॉस एंजेलिस २०२८ साठी क्रिकेटला तिथं मंजुरी मिळाली हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच यादीत 'फ्लॅग फुटबॉल'ही होता. हा अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार. एका बाजूला पाच खेळाडू, पुरुषांचा आणि महिलांचा वेगळा. पाडापाडी नाही. कमरेच्या पट्ट्याला लावलेली फीत ओढली की खेळाडू थांबला.

हा फरक महत्त्वाचा आहे. मूळ खेळात डोक्यावर वारंवार आदळआपट होते. मेंदूच्या दुखापतींवरून हजारो माजी खेळाडूंनी लीगवर दावे केले आणि २०१५ मध्ये न्यायालयानं तडजोडीला मंजुरी दिली. तो खेळ टीव्हीवर बघायला ठीक, पोराला त्यात घालताना आई-बाप दहादा विचार करतील. फ्लॅग फुटबॉलला मात्र हेल्मेट लागत नाही, महागडं सामान लागत नाही. एक चेंडू, फिती आणि शाळेचं मैदान पुरतं.

कबड्डीच्या मुलींकडं लागणारी चपळाई आणि हुलकावणी आधीच आहे. पुणे मराठाजला जे मिळालं नाही, ते इथं मिळालं पाहिजे : एखाद्या शाळेनं किंवा तालमीनं हा खेळ मनावर घ्यायला हवा.