सूर्यावरचे काळे डाग मोबाइलमध्ये टिपायचेत? आधी हे वाचा, मगच दुर्बीण लावा

बुलढाणा : आता काही शाळांमध्ये छोट्या दुर्बिणी आल्या आहेत. काही हौशी पोरं ऑनलाइनही मागवतात. रात्री ती दुर्बीण चंद्राकडं लावली तर काही धोका नाही. पण दिवसा सूर्याकडं लावताना एक चूक झाली, तर डोळा कायमचा जाऊ शकतो. तीच दुर्बीण नीट फिल्टर लावून वापरली, तर सूर्यावरचे काळे डाग साध्या मोबाइलमध्ये टिपता येतात. हे कसं करायचं आणि काय करायचं नाही, ते समजून घेऊ.

डाग म्हणजे नेमकं काय?

सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५५०० अंश सेल्सिअस असतं. काही ठिकाणी चुंबकीय जोर इतका वाढतो, की आतली उष्णता वर यायला अडते. ती जागा ३५०० ते ४००० अंशांपर्यंत थंड होते. थंड म्हणजे फक्त आजूबाजूच्या मानानं! म्हणून ती काळी दिसते. मधला भाग गडद आणि भोवती फिकट कडा, असा डाग असतो.

सूर्य पृथ्वीच्या १०९ पट रुंद आहे. फोटोत सूर्य ११ सेंटिमीटरचा आला, तर त्यात आपली पृथ्वी जेमतेम १ मिलिमीटरची. आता डाग किती मोठे असतात, ते तुम्हीच मोजा. साधारण ११ वर्षांत हे डाग वाढतात आणि पुन्हा कमी होतात.

वऱ्हाडाचं जुनं नातं

२२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं. ते बघायला इंग्लंडच्या हौशी खगोल मंडळींची एक तुकडी वऱ्हाडात तळणीला उतरली होती. तळणी म्हणजे धामणगावजवळचं, मुंबई-नागपूर लाइनवरचं स्टेशन. आपलं मलकापूर, नांदुरा, शेगाव याच लाइनवर.

या तुकडीत वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅनी माँडर होत्या. ग्रीनिच वेधशाळेत सूर्याचे रोज फोटो काढून डाग मोजायचे, हे दोघांचं काम. लग्न झालेल्या बाईला तेव्हा तिथं नोकरीत ठेवत नसत, म्हणून अ‍ॅनीबाईंना १८९५ मध्ये नोकरी सोडावी लागली. कॅमेरा मात्र त्यांनी सोडला नाही. तळणीत त्यांनी स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्यानं फोटो घेतला. सूर्याच्या कडेपासून निघालेला इतका लांब किरण तोपर्यंत कोणाच्याच फोटोत आला नव्हता. पुढं १९०४ मध्ये या दोघांचा सौरडागांचा आलेख प्रसिद्ध झाला. तो फुलपाखरासारखा दिसतो आणि आजही जगभर शिकवला जातो.

त्याच ग्रहणाला पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून निरीक्षणं घेतली. आज भारताच्या आदित्य-एल१ यानावर सूर्याचे अतिनील फोटो काढणारी ‘सूट’ ही दुर्बीण आहे. ती पुण्याच्या आयुका संस्थेत तयार झाली. २ सप्टेंबर २०२३ ला हे यान उडालं.

फिल्टर कुठं लावायचा?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, म्हणजे ऊन आत शिरतं तिथं लावायचा. सौर फिल्टरची खास फिल्म मिळते. डोळ्यानं बघण्याच्या फिल्ममधून एक लाखातला एकच भाग उजेड आत जातो. फक्त फोटोसाठी असलेली पातळ फिल्मही बाजारात असते. तिच्यातून डोळ्यानं बघू नका. घेताना विचारून घ्या.

काही स्वस्त दुर्बिणींसोबत डोळ्याकडच्या भिंगाला लावायची काळी काच येते. ती वापरू नका. एकवटलेल्या उन्हाच्या उष्णतेनं ती तडकते आणि सगळं ऊन थेट डोळ्यात जातं. एक्स-रे फिल्म, गॉगल, वेल्डिंगची साधी काच, काजळी धरलेली काच, यातलं काहीच चालणार नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखत नाही. इजा झाल्याचं काही तासांनी कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

फोटो कसा काढायचा?

१. प्रत्येक वेळी फिल्टर उन्हात धरून तपासा. बारीक भोक किंवा ओरखडा दिसला तर तो फेकून द्या. वाऱ्यानं उडू नये म्हणून चिकटपट्टीनं पक्का करा.

२. दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला झाकण लावा. तिच्यातूनही डोळा भाजतो.

३. सूर्य शोधायला दुर्बिणीची जमिनीवरची सावली बघा. सावली सगळ्यात लहान झाली, की दुर्बीण सूर्याकडं लागली.

४. कमी मोठं दाखवणारं भिंग लावा आणि मोबाइल होल्डरनं त्यावर बसवा. हातात धरला तर फोटो हलतो.

५. स्क्रीनवर सूर्याच्या कडेला बोट दाबून फोकस पक्का करा. उजेड कमी करा. तीन सेकंदांचा टायमर लावून वीस-पंचवीस फोटो काढा, त्यातला चांगला ठेवा.

लेन्स निघणारा कॅमेरा असेल, तर टी-रिंग लावून तो भिंगाच्या जागी बसतो. तेव्हा सूर्य किती मोठा येईल? दुर्बिणीच्या नाभीय अंतराला ११० नं भागा. १००० मिलिमीटरच्या दुर्बिणीत साधारण ९ मिलिमीटर. आयएसओ १०० आणि सेकंदाचा पाचशेवा भाग इथून सुरुवात करा.

वेळ सकाळची घ्या. डांबरी रोडवर दुपारी पाणी हलल्यासारखं दिसतं, तसाच सूर्यही फोटोत थरथरतो. म्हणून टिनाच्या छपराजवळ, स्लॅबवर थांबू नका. शेतात, गवतावर फोटो स्वच्छ येतो.

रोज एकाच वेळी फोटो काढला, तर डाग सरकताना दिसतो. साधारण १३ दिवसांत तो एका कडेहून दुसऱ्या कडेला जातो. म्हणजे सूर्य स्वतःभोवती फिरतो, हे पोरांना पुस्तकाशिवाय कळतं.

शेतकऱ्याला याचं काय?

१८०१ मध्ये विल्यम हर्शेल या मोठ्या शास्त्रज्ञानं डागांचा संबंध गव्हाच्या भावाशी जोडून बघितला होता. तो पुढं टिकला नाही. तेव्हा डाग बघून पाऊस किंवा भाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पण दुसरा संबंध खरा आहे. मे २०२४ मध्ये पृथ्वीच्या १५ पट रुंद डागांच्या समूहातून मोठे स्फोट झाले. लडाखच्या हानलेत आकाश लाल दिसलं. अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांची दिशा चुकली, काहींना काम थांबवावं लागलं. आपल्याकडं फवारणीचे ड्रोन येत आहेत, तेही जीपीएसवरच चालतात.

२ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडं दुपारनंतर खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ढग नसले तर गावोगावी दुर्बिणी बाहेर निघतील. फिल्टरची सवय आतापासून करा. आणि लहान पोरांना दुर्बिणीजवळ मिनिटभरही एकटं सोडू नका.