मोबाइलची भाषा आणि शेतीचा सल्ला

पिकावर रोग-कीड दिसली की पूर्वी कृषी सहाय्यकाची वाट पाहावी लागे. आज शहापूर, मुरबाड, कल्याण तालुक्यांतील घराघरांत मोबाइल आहे. पानाचा फोटो आणि दोन ओळींचा मजकूर पाठवला की सल्ला मिळू शकतो. पण त्या दोन ओळी समोरच्याला नीट कळल्या, तरच सल्ला बरोबर मिळणार!

अडचण कशी होते पाहा. मोबाइल बहुधा डोंबिवली-ठाण्याला नोकरी करणारा मुलगा आणून देतो. त्यातला कळफलक इंग्रजी किंवा हिंदी असतो. मग आपण इंग्रजी अक्षरांत लिहितो, ‘bhatala tan’. वाचणाऱ्याने हे ‘तण’ वाचावे की ‘ताण’? तण असेल तर बेणणी किंवा तणनाशक. ताण असेल तर पाणी. ताण बसलेल्या भातावर तणनाशक मारले, तर पैसा जातो आणि पिकालाही इजा होते. एका काना-मात्रेवर हंगाम अवलंबून असतो तो असा.

हिंदी कळफलकाची लिपी देवनागरीच असते, म्हणून फरक चटकन ध्यानात येत नाही. पण तो शब्द सुचवतो हिंदीतले. आपले टिटवाळा हिंदीत टिटवाला होते. ‘शेतकऱ्यांना’ मधला ‘ऱ्य’ अनेकदा ‘र्य’ होऊन बसतो. माइकवर बोलून लिहिताना भाषा हिंदी ठेवली असेल, तर ‘तण’ चे ‘तन’ होण्याचा संभव असतो.

उपाय सोपा आहे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात. पडद्यावर दिसणारी भाषा एक आणि कळफलकाची भाषा दुसरी. पहिली मराठी केली म्हणजे दुसरी आपोआप होईलच असे नाही. कळफलकाच्या भाषांत ‘मराठी’ जोडावी, बोलून लिहिण्याची भाषाही मराठी निवडावी.

संगणक केंद्रावर अर्ज टाइप करून घेताना तो युनिकोडमध्ये करायला सांगावा. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालापासून स्थान आहे. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, आणि तिथे तो फॉन्ट नसला, की मराठीऐवजी भलतीच अक्षरे दिसतात. असा अर्ज कोण वाचणार?

पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) मजकूर पाठवण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचावा.

२) औषधाचे प्रमाण आकड्यात आणि अक्षरात लिहावे. ‘१.५ मिली (दीड)’ असे लिहिले, म्हणजे टिंब गळून १५ वाचले जाणार नाही.

३) रोगाचे पूर्ण नाव लिहावे. करपा हा बुरशीमुळे होतो, कडाकरपा जिवाणूंमुळे. औषध एक नव्हे.

४) योजनेच्या अर्जात नाव आधार कार्ड व सातबाऱ्याशी ताडून पाहावे. नावातील फरकामुळे पैसे अडकू शकतात.

५) लिहिणे जमत नसेल तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीतून विचारावे. फोनला पैसे पडत नाहीत.

पुढच्या रविवारी मुलगा-सून गावी आली, की आधी मोबाइलचा कळफलक मराठी करून घ्या. लेखणी आपल्या भाषेची झाली, की शेतातली अडचण जशीच्या तशी सांगता येईल.